मोटारीचा पंखा का थांबतो?
जुन्या गाडीच्या शीतनयंत्रणेतील दोषांचा शोध

मोटारगाडीचे इंजिन हे मूलतः उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. पेट्रोल जळते, त्यापासून उष्णता निर्माण होते व त्या उष्णतेचे काही अंशी गतीत रूपांतर होते. ज्या उष्णतेचे गतीत रूपांतर होत नाही ती इंजिनबाहेर काढून टाकावी लागते. न काढल्यास ज्या उष्णतेने यंत्र चालते तीच त्याचा नाश करते. ही नको असलेली उष्णता हवेच्या स्वाधीन करण्याचे काम शीतनयंत्रणा करते आणि त्या यंत्रणेतील शेवटचा, सर्वांत साधा दिसणारा परंतु मोक्याच्या वेळी सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे पंखा होय.

नव्या गाडीच्या मालकास या पंख्याकडे लक्ष देण्याचे सहसा प्रयोजन पडत नाही. परंतु आपल्या देशात पुष्कळ कुटुंबांची पहिली गाडी ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते. दहापंधरा वर्षे उन्हातान्हात चाललेल्या गाडीतील तारा, जोडण्या व स्विच जुने झालेले असतात. काही ठिकाणी पूर्वीच्या मालकाने तात्पुरती दुरुस्ती करून वेळ मारून नेलेली असते. अशा गाडीचा पंखा एखाद्या दिवशी फिरेनासा होतो, काटा तांबड्या रेषेकडे सरकतो आणि दोनतीनशे रुपयांच्या स्विचपायी हजारो रुपयांचे इंजिन निकामी होते. हे टाळण्यास विशेष यंत्रविद्या लागत नाही. शाळेत शिकलेले उष्णता व विद्युत् यांचे नियम आणि क्रमाने विचार करण्याची सवय एवढे पुरेसे आहे.

१. उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेचे स्थूलमानाने तीन वाटे पडतात. एक तृतीयांशाहून काहीसा कमी भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो; सुमारे एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो; आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश भाग सिलिंडरच्या भिंतींतून शीतक पाण्यात उतरतो.

आता एक छोटे गणित करू. लहान गाडीचे इंजिन जागच्या जागी चालू असता तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल जाळते असे धरू. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३२० लक्ष जूल उष्णता मिळते. म्हणजे अर्ध्या लिटरपासून १६० लक्ष जूल. तासाचे ३,६०० सेकंद धरून भागिले असता दर सेकंदास सुमारे ४,४०० जूल, म्हणजेच ४,४०० वॉट हा आकडा येतो. त्याचा तिसरा हिस्सा, सुमारे १,५०० वॉट, पाण्यात उतरतो. घरात पाणी तापविण्यासाठी आपण जो विजेचा हीटर वापरतो तोही पुष्कळदा १,५०० वॉटचाच असतो. तेव्हा गाडी सिग्नलपाशी स्वस्थ उभी असली, तरी तिच्या पाण्यात असा एक हीटर अखंड चालू आहे असे समजावे.

गाडीत चार लिटर पाणी आहे असे मानल्यास ते ९० अंशांवरून ११८ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४ लक्ष ७० हजार जूल लागतात. १,५०० वॉटच्या हिशेबाने याला पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. प्रत्यक्षात पाण्याबरोबर इंजिनचा धातूही तापत असतो व काही उष्णता आपोआप निसटत असते, म्हणून वेळ याच्या काही पट लागतो. तथापि मोठ्या शहरातील वाहनांची एखादी कोंडी तेवढा वेळ सहज देते.

२. पाण्याचा फेरा

इंजिनच्या अंगात सिलिंडरांभोवती पोकळ वाटा असतात. पंप त्यांतून पाणी खेळवितो. तापलेले पाणी रबरी होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, तेथील अरुंद नळ्यांतून वाहताना आपली उष्णता नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांना देते आणि थंड होऊन पुन्हा इंजिनमध्ये जाते. पत्र्यांची उष्णता हवा वाहून नेते. पृष्ठभाग जेवढा मोठा तेवढी उष्णता लवकर निघते, या तत्त्वावर रेडिएटरची रचना आधारलेली आहे. १९०० सालच्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यात सुमारे आठ हजार लहान नळ्या होत्या आणि मागे एक पंखाही होता. तो प्रश्न व त्याचे उत्तर ही दोन्ही आजतागायत तत्त्वतः तीच आहेत.

या फेऱ्यावर दोन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट, याला पुष्कळ मिस्त्री नुसता 'व्हॉल्व्ह' म्हणतात. त्यात विशिष्ट मेण भरलेले असते. पाणी सुमारे ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की मेण वितळून प्रसरण पावते व झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर गरम होते. दुसरा पहारेकरी म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्यातील स्प्रिंगमुळे आत वातावरणाच्या दाबाहून सुमारे ०.९ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका अधिक दाब टिकून राहतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो हे आपणास प्रेशर कुकरवरून माहीत आहेच. त्यामुळे या यंत्रणेतील साधे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ११८ अंशांस उकळते.

३. पंख्यास आज्ञा कोण देतो?

गाडी ताशी चाळीसपन्नास किलोमीटर वेगाने धावत असता समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंख्याची खरी गरज पडते ती गाडी उभी असताना, रहदारीत रखडताना किंवा घाटाची चढण हळूहळू चढताना.

ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांचे इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असून त्यांचा पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनच फिरवी. इंजिन चालू असेतोपर्यंत पंखाही चालू. तेथे दोष बहुधा सैल अथवा तुटक्या पट्ट्याचा असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी आली आणि तिच्यासारख्या लहान गाड्यांमध्ये इंजिन आडवे बसू लागले. आडव्या इंजिनचा पट्टा समोरच्या रेडिएटरपर्यंत सरळ पोचत नाही. म्हणून पंख्याला स्वतंत्र विद्युत् मोटर द्यावी लागली. मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले. ॲम्बॅसडरचेही त्याच वर्षी थांबले. परंतु विजेच्या पंख्याची पद्धत सार्वत्रिक झाली आहे.

या पंख्याचे विद्युत्-मंडल समजून घेणे हाच सर्व तपासणीचा पाया होय. त्यात पाच घटक आहेत: बॅटरी, फ्यूज, रिले, थर्मो स्विच व मोटर. पाणी सुमारे ९२ ते ९८ अंशांपर्यंत तापले की थर्मो स्विचमधील द्विधातूची चकती वाकते व संपर्क जुळतो. त्यामुळे रिलेच्या वेटोळ्यातून अगदी अल्प प्रवाह वाहू लागतो. वेटोळ्याचे विद्युत्-चुंबक बनते आणि ते जाड संपर्क जोडून मोटरला मोठा प्रवाह पुरविते. लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहास हुकूम द्यावा, हे रिलेचे काम. पाणी पाचसहा अंशांनी निवले की स्विच उघडतो व पंखा थांबतो. काही गाड्यांत रिले नसतो व पंख्याचा सर्व प्रवाह स्विचमधूनच जातो.

२००० सालच्या सुमारास आपल्याकडे इंधन-फवारणीची इंजिने रूढ झाली. त्यांच्यात थर्मो स्विचच्या जागी तापमान-संवेदक असतो. पाणी तापेल तसा त्याचा विद्युत्-रोध घटत जातो. हा रोध पाहून गाडीचा संगणक रिलेला आज्ञा देतो. मालकाने आपली गाडी या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे हे प्रथम पाहावे. कारण पुढील काही परीक्षा फक्त पहिल्या प्रकारासच लागू आहेत.

४. लक्षण आधी, निदान नंतर

गाडी तापते एवढ्यावरून पंख्यास दोष देणे योग्य नव्हे. ती केव्हा तापते हे पाहिले पाहिजे. उभी असताना किंवा रहदारीत तापते, परंतु मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येतो, असे असल्यास संशय पंख्यावर घ्यावा. उलट, वेगाने जात असतानाच काटा चढत असेल तर पंखा निरपराध आहे. कारण त्या वेळी पंख्याचे काम वाराच करीत असतो. तेथे पाणी कमी झाले आहे काय, रेडिएटर तुंबला आहे काय, पंप व थर्मोस्टॅट ठीक आहेत काय, हे पाहावे लागेल.

दुसरी खूण वातानुकूलन यंत्राची. अनेक गाड्यांत हे यंत्र चालू करताच रेडिएटरचा पंखाही चालू होतो. गरम होऊनही न फिरणारा पंखा जर अशा रीतीने फिरू लागला, तर मोटर व तिचा फ्यूज चांगले आहेत आणि दोष तापमानाची वर्दी देणाऱ्या शाखेत आहे, एवढे एका बटणाने समजते. काही गाड्यांत मात्र वातानुकूलनासाठी वेगळा पंखा असतो; तेथे हे अनुमान काढू नये.

५. पंखा मुळीच फिरत नाही

तपासणीस आरंभ करण्यापूर्वी दोन नियम पाळावेत. पहिला, गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दुसरा, पात्यांजवळ हात नेण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही तापलेल्या स्विचमुळे पंखा एकाएकी फिरू लागतो.

साहित्य थोडेच लागते: दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा लहान दिवा, म्हणजे टेस्ट लॅम्प, शक्य असल्यास मल्टीमीटर, आणि फ्यूज बसविलेली एक जोडतार.

पहिली पायरी: पाते हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल, घासत असेल किंवा खुळखुळत असेल तर बुश किंवा बेअरिंग झिजले आहे.

दुसरी पायरी: फ्यूज पाहावा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. दिव्याची एक तार गाडीच्या सांगाड्याला लावून दुसरी फ्यूजच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने लावावी. एका टोकाशी दिवा लागला व दुसऱ्याशी लागला नाही तर फ्यूज जळाला आहे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तो पुन्हा जळाल्यास मोटर जाम झाली आहे किंवा तार कोठेतरी सांगाड्याला टेकते आहे असे समजावे. अशा वेळी मोठा फ्यूज घालणे, अथवा त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणे, म्हणजे दोष तसाच ठेवून आगीला निमंत्रण देणे होय.

तिसरी पायरी: मोटरची जोडणी सोडवून फ्यूजयुक्त तारांनी तिला थेट बॅटरीचा प्रवाह द्यावा. धन व ऋण टोके मूळ जोडणीप्रमाणेच ठेवावीत. मोटर फिरली तर ती निर्दोष आहे. न फिरल्यास तिच्या कवचावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. ठोकल्यावर फिरू लागली तर आतील कार्बन ब्रश झिजले आहेत. अशी मोटर आज चालली तरी उद्या दगा देईल.

चौथी पायरी: मोटर चांगली असेल तर थर्मो स्विचकडे वळावे. इंजिन थंड असताना स्विचची जोडणी काढून तिच्यातील दोन टोके फ्यूजयुक्त तारेने एकमेकांस जोडावीत व इग्निशनची किल्ली फिरवावी. एकच तार असल्यास ती सांगाड्याला टेकवावी. पंखा फिरला तर रिले, फ्यूज व तारा निर्दोष आहेत. राहिला तो स्विच. संगणक असलेल्या गाडीत संवेदकाची टोके अशी जोडू नयेत. तेथे संवेदकाचा रोध मोजून तो गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावा.

तथापि स्विच दोषी ठरविण्यापूर्वी त्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पाण्याची पातळी खाली गेली असेल तर स्विचचे टोक पाण्याऐवजी हवेत राहते व त्याला तापमान नीट कळतच नाही. त्याचप्रमाणे स्विच रेडिएटरमध्ये असेल आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, तर इंजिन उकळत असताही गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचत नाही. इंजिन अतिशय गरम, पण रेडिएटर व त्याचा खालचा पाइप थंड, ही या दोषाची खूण आहे. अशा वेळी नवा स्विच बसवूनही काही उपयोग होत नाही.

स्विचची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. स्विच काढून दोरीने पातेल्यातील पाण्यात सोडावा; फक्त धातूचे टोक बुडू द्यावे. शेजारी तापमापक धरावा आणि टेस्ट लॅम्प व बॅटरी यांच्या मंडलात स्विच जोडावा. पाणी तापविताना दिवा किती अंशांस लागतो व निवताना किती अंशांस विझतो याची नोंद करावी. स्विचवर छापलेल्या आकड्यांशी ती दोनतीन अंशांच्या फरकाने जुळावी. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे व तेथे पाणी सुमारे साडेपंचाण्णव अंशांसच उकळते. तेव्हा ९८ अंशांस जुळणारा चांगला स्विचही तेथील उघड्या पातेल्यात जुळणार नाही!

पाचवी पायरी: स्विचची टोके जोडूनही पंखा फिरला नाही तर रिले पाहावा. टोके जोडताना 'टिक्' असा आवाज येतो काय ते ऐकावे. आवाज आला तर वेटोळे शाबूत आहे, पण जाड संपर्क जळलेले असू शकतात. आवाज न आल्यास वेटोळे तुटले आहे किंवा त्याला प्रवाहच पोचत नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच गाडीतील हॉर्नचा किंवा अन्य कामाचा तंतोतंत तसाच रिले क्षणभर तेथे बसवून पाहणे.

६. फिरतो, पण मंद

न फिरणारा पंखा लगेच ध्यानात येतो. मंद फिरणारा अधिक फसवितो. मालक बोनेट उघडतो, पाते फिरताना पाहतो आणि समाधान पावतो. परंतु पंखा फिरतो म्हणजे पुरेसा फिरतो असे नव्हे.

समजा, चांगल्या स्थितीत मोटरला १२ व्होल्ट मिळतात व ती १० अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे तिला १२० वॉट शक्ती मिळते. आता तिची 'अर्थ'ची तार जेथे सांगाड्याला स्क्रूने आवळली आहे तेथे गंज चढला. मल्टीमीटरने मोजता मोटरच्या टोकांशी फक्त ८ व्होल्ट आणि प्रवाह ८ अँपिअर भरला. उरलेले ४ व्होल्ट गंजलेल्या सांध्यात खर्च झाले. ओहमच्या नियमाने सांध्याचा रोध ४ भागिले ८, म्हणजे अवघा अर्धा ओहम. परंतु या अर्ध्या ओहमने मोटरची शक्ती ६४ वॉटवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आणली. शिवाय ३२ वॉट उष्णता त्या इवल्याशा सांध्यात निर्माण होऊ लागली. जुन्या गाडीतील प्लॅस्टिकच्या जोडण्या करपून तपकिरी झालेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

म्हणून पंखा चालू असताना मोटरच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजावेत व ते बॅटरीच्या व्होल्टांशी ताडून पाहावेत. मग मापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला व दुसरे मोटरच्या ऋण टोकाला लावावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर त्या मार्गातील सांधे सोडवून पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट आवळावेत. धन बाजूसही हीच परीक्षा करावी. खर्च जवळजवळ शून्य आणि लाभ मोठा, अशी ही दुरुस्ती आहे.

पंखा जोराने फिरूनही हवा ओढीत नसेल तर त्याची दिशा पाहावी. रेडिएटरच्या मागे बसविलेला पंखा हवा समोरून आत खेचतो. समोरच्या जाळीपाशी कागद धरल्यास तो जाळीला चिकटला पाहिजे. कागद बाहेर उडत असेल तर दुरुस्तीच्या वेळी मोटरच्या तारांची अदलाबदल झाली आहे आणि ती उलट फिरते आहे. त्याचप्रमाणे पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण तुटलेले किंवा काढून टाकलेले असेल, तर पंखा तीच गरम हवा पुनःपुन्हा फिरवीत बसतो. हे आवरण शोभेचे नाही. हवा रेडिएटरमधूनच यावी यासाठी ते आहे.

७. पंखा थांबतच नाही

किल्ली काढल्यावरही काही मिनिटे फिरणारा पंखा काही गाड्यांत स्वाभाविक असतो. परंतु थंड इंजिनावर, सकाळी किल्ली फिरविताच तो फिरू लागला किंवा रात्रभर फिरतच राहिला तर तो दोष आहे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १० अँपिअर घेणारा पंखा फार तर साडेतीन तास चालवील. सकाळी गाडी सुरू होणार नाही.

येथे क्रम उलटा धरावा. प्रथम थर्मो स्विचची जोडणी काढावी. पंखा थांबला तर स्विच आतून चिकटला आहे. न थांबल्यास रिले काढावा. आता थांबला तर दुसरा चांगला रिले बसवून पाहावा: पंखा स्तब्ध राहिला तर जुन्या रिलेचे संपर्क वितळून जुळले होते, पुन्हा फिरू लागला तर रिलेपासून स्विचकडे जाणारी तार कोठेतरी सोलून सांगाड्याला टेकली आहे. रिले काढूनही पंखा फिरतच राहिला तर कोणीतरी तो थेट जोडलेला आहे. संगणक असलेल्या गाडीत मात्र संवेदकाची जोडणी काढताच पंखा मुद्दाम चालू होतो. तो सावधगिरीचा उपाय आहे, दोष नव्हे.

८. 'डायरेक्ट' पंखा आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

जुन्या गाड्यांत दोन तोडगे वारंवार आढळतात. एक म्हणजे स्विच वगळून पंखा इग्निशनशी 'डायरेक्ट' जोडणे. दुसरा म्हणजे "आपल्या हवेत याची गरज नाही" असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचविण्यासाठी पहिला तोडगा उपयोगी आहे, आणि तेवढ्यापुरता तो करणाऱ्या मिस्त्रीस दोष देता येणार नाही. पण तो कायम ठेवला की पंख्याचे ब्रश अकारण झिजतात आणि बॅटरीवर भार पडतो.

दुसरा तोडगा अधिक हानिकारक आहे. थर्मोस्टॅटवाचून इंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते. थंड सिलिंडरात पेट्रोलचे बाष्पीभवन नीट होत नाही, ते तेलात उतरते, झीज वाढते आणि इंधन अधिक लागते. बाहेरची हवा ४० अंशांची असली तरी इंजिनला हवे असलेले ८५ ते ९५ अंश तिच्यापेक्षा बरेच वर आहेत. तेव्हा उष्ण देशात थर्मोस्टॅट नको हे म्हणणे टिकत नाही. सर्वांत मोठी हानी अशी की, हे तोडगे मूळ दोष झाकून ठेवतात. तुंबलेला रेडिएटर किंवा गळका पाइप तसाच राहतो आणि पुढच्या मालकाच्या पदरी पडतो.

९. पंखा निर्दोष, तरी गाडी तापते

मंडलाची सर्व परीक्षा उत्तीर्ण झाली आणि तरी काटा चढतो, तर थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहावी. वारंवार पाणी घालावे लागत असेल तर ते कोठेतरी जात आहे. रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ व किडे अडकले असल्यास ते मागील बाजूने मंद पाण्याच्या धारेने धुवावेत. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्यास नळ्यांत क्षार साचतात; म्हणून शुद्ध पाणी व कूलंट यांचे मिश्रणच वापरावे. कूलंटमुळे उत्कलनबिंदू वाढतो व गंजही टळतो. झाकणाचे रबर चिरले असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरी वाफ, किंवा तेलाला दुधासारखा रंग, यांपैकी काही दिसल्यास हेड गॅस्केट फुटल्याचा संभव असतो. तेथे गाडी न चालविता जाणकारास दाखवावी.

१०. वाटेत काटा चढला तर

ॲल्युमिनियम तापले की लांबीच्या दर मीटरला, दर अंशास, सुमारे २३ सहस्रांश मिलिमीटर वाढते. ४० सेंटिमीटर लांबीचे इंजिनचे हेड नेहमीपेक्षा ५० अंश अधिक तापले तर ते जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढू पाहते. बोल्ट त्याला वाढू देत नाहीत आणि ते वाकते. सामान्यतः अशा हेडचा वाक मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाहून अधिक चालत नाही. म्हणून "आता घर जवळच आहे" या विचाराने गाडी पुढे रेटणे फार महागात पडते.

काटा चढताना दिसताच वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण चालू करावा. तो लहानशा रेडिएटरचेच काम करतो. काटा उतरला नाही तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, आणि निदान अर्धा तास, रेडिएटरला सुखाने हात लावता येईपर्यंत, झाकणास स्पर्श करू नये. यामागील कारण समजून घ्यावे. ११० अंशांचे पाणी दाबाखाली शांत असते. झाकण उघडताच ते १०० अंशांवर येऊ पाहते व सुटलेल्या उष्णतेने त्याचा काही भाग तत्क्षणी वाफ बनतो. दर लिटरमागे हा भाग जेमतेम १९ ग्रॅम असतो. पण तेवढ्याची वाफ सुमारे ३० लिटर होते आणि ती उकळते पाणी घेऊन उघडणाराच्या तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर वा त्याच्या आत एकदम गार पाणीही ओतू नये. धातूला तडा जाण्याची भीती असते.

११. जुनी गाडी घेताना

गाडी पाहण्यास जाताना इंजिन थंड असावे असा आग्रह धरावा. थंड इंजिन सुरू करताच पंखा फिरू लागला तर 'डायरेक्ट' जोडणीचा संशय घ्यावा. मात्र वातानुकूलन बंद असल्याची खात्री आधी करावी. मग गाडी सावलीत उभी ठेवून पंधरावीस मिनिटे इंजिन चालू द्यावे. काटा हळूहळू मध्यावर यावा, पंखा आपोआप लागावा, काटा किंचित उतरावा, पंखा थांबावा, आणि हे चक्र निदान दोनदा घडावे. एवढे धैर्य न ठेवता केलेली खरेदी पुढे पश्चात्तापास कारण होते.

पंखा हे उदाहरण झाले. कोणत्याही यंत्राचा दोष शोधताना सुटे भाग एकामागून एक बदलीत जाणे ही परीक्षा नव्हे, तो नशिबाचा खेळ आहे. मंडलाचा एक-एक दुवा घेऊन "येथपर्यंत ठीक आहे काय?" असा प्रश्न विचारीत गेल्यास दोष लपून राहू शकत नाही. या पद्धतीने विचार करणारा गाडीमालक स्वतः हत्यार हाती न घेताही आपल्या मिस्त्रीला नेमके लक्षण सांगू शकतो, आणि त्यायोगे दोघांचाही वेळ व मालकाचा पैसा वाचतो.

स्वाध्याय

१. वेगाने धावताना गाडी तापते व उभी असताना तापत नाही. पंख्यावर संशय घेणे योग्य आहे काय? कारण द्या.
२. पंख्याची मोटर ९ अँपिअर प्रवाह घेत असता एका सांध्यात ३ व्होल्ट खर्च होतात. सांध्याचा रोध व त्यात निर्माण होणारी उष्णता वॉटमध्ये काढा.
३. थर्मो स्विचची टोके जोडताच पंखा फिरतो, परंतु नवा स्विच बसवूनही तो आपोआप लागत नाही. दोन संभाव्य कारणे सांगा.
४. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक जुना रिले उघडून त्यातील वेटोळे व संपर्क ओळखा आणि त्याची आकृती काढा.